सत्तावीसपैकी अठरा

बीड शहरात रेल्वेच्या आधी रील पोचली. रेल्वेसाठी लोकांनी मोर्चे काढले, निवेदनं दिली, दर निवडणुकीत तिची आश्वासनं ऐकली आणि अखेर २०२५ साली तिचं तोंड पाहिलं. रीलसाठी कुणाला काहीच करावं लागलं नाही. ती आष्टीपासून परळीपर्यंत आपोआप पसरली आणि येताना एक दवाखानाही बरोबर घेऊन आली. या दवाखान्यात केसपेपर नाही, रांग नाही, ‘आधी बीपी बघू’ म्हणणारी सिस्टर नाही. अंगठा वर सरकवला की आजार समोर हजर. ‘ही सात लक्षणं तुमच्यात असतील तर तुम्हाला एडीएचडी आहे’ असं कुणीतरी गोड आवाजात सांगतं. सातातली पाच तिथल्या तिथं जुळतात आणि उरलेली दोन संध्याकाळपर्यंत जुळवून घेता येतात. शिवाय हा दवाखाना एखाद्याला ‘काही झालेलं नाही, घरी जा, जेवण कर आणि झोप’ असं सांगून कधीच परत पाठवत नाही. त्याला ते परवडणारच नाही. घरी गेलेला माणूस पुढची रील कशी बघणार?

तसं पाहिलं तर स्वतःचं निदान स्वतः करण्यात आपला माणूस पूर्वीपासून स्वयंपूर्ण आहे. डॉक्टरकडे तो तक्रार घेऊन जात नाही, निकाल घेऊन जातो. ‘पित्त खवळलंय’, ‘उष्णता वाढलीय’, ‘अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावून टाका.’ यात डॉक्टरनं फक्त शीर शोधायची असते. मनाच्या दुखण्याला तर तेवढाही डॉक्टर लागत नव्हता. नजर, करणी, बाहेरची बाधा आणि साडेसाती एवढ्या चार खणांत सगळं बसायचं. जुन्या खणांत दोष शेजारणीचा किंवा शनीचा असायचा आणि आता तो मेंदूतल्या रसायनांचा असतो, ही प्रगतीच म्हणायची. शेजारीण तरी सुटली. पण रीत तीच राहिली: आधी नाव ठरवायचं आणि मग त्या नावाला साजेसे पुरावे आपल्याच आयुष्यातून गोळा करायचे. माझा आक्षेप आहे तो या रीतीला, आजारांच्या नव्या नावांना अजिबात नाही. डॉक्टरचं निदान हे बरंचसं वजाबाकीचं काम असतं. हे नसेल, तेही नसेल, ते तपासून बघू, असं करत जे उरतं त्याला नाव द्यायचं. फोनला बेरीज तेवढी येते.

हे सिद्ध करायला फुटकळ रील कशाला, नेटवरची सगळ्यात प्रतिष्ठित चाचणीच घेऊ. पीएचक्यू-९ नावाची ही नऊ प्रश्नांची यादी रॉबर्ट स्पिट्झर, जॅनेट विल्यम्स आणि कर्ट क्रोन्के या अमेरिकी अभ्यासकांची. गेल्या दोन आठवड्यांत झोप, भूक, थकवा, उदासी, एकाग्रता यांचं काय झालं ते विचारायचं, प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण द्यायचे, बेरीज सत्तावीसपैकी. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दहा ही रेघ धरली, तर डिप्रेशन असलेल्या शंभरांपैकी ८८ जण ती पकडायची आणि नसलेल्या शंभरांपैकी ८८ जणांना सोडून द्यायची. ८८ टक्के म्हणजे डिस्टिंक्शन. २०१७ मध्ये गूगलनं अमेरिकेत डिप्रेशन शोधणाऱ्यांपुढे हीच चाचणी ठेवली. आता हे डिस्टिंक्शन घेऊन बीड जिल्ह्यातल्या हजार प्रौढांच्या एका गावात जाऊ. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, त्या घडीला डिप्रेशन असलेले प्रौढ २.७ टक्के निघाले होते. म्हणजे आपल्या गावात २७ जण. चाचणीनं त्यातले २४ पकडले, शाबास. उरले ९७३ धडधाकट. त्यांतल्या बारा टक्क्यांना चाचणी चुकून पकडणार, म्हणजे साधारण ११७. एकूण १४१ जणांच्या फोनवर ‘तुम्हाला डिप्रेशन असू शकतं’ असं झळकलं आणि त्यांतले खरे २४. सहा जणांना आजार सांगितला, पाच जणांना फुकट सांगितला. कुणी म्हणेल, चाचणी देणारा आधीच त्रासलेला असतो, त्यामुळे त्यांच्यात खऱ्यांचं प्रमाण जास्त असणार. बरोबर आहे, आणि दवाखान्यात आलेल्यांच्या बाबतीत ते चांगलंच लागू पडतं. पण फोनवरची चाचणी माजलगावच्या स्टँडवर एसटीची वाट बघतानाही देता येते आणि एसटीची वाट बघणाऱ्याचा ‘निराश वाटतं का’ या प्रश्नावर तीनपैकी तीन घेण्याकडे कल असतो. चाचणी करणाऱ्यांचा यात काही दोष नाही. पुढे कुणाशी नीट बोलायचं ते निवडण्यासाठी ती आहे. बोलायला पुढे कुणी बसलेलंच नसेल, तर ती नुसती गुणपत्रिका उरते.

या गुणपत्रिकेवर आपला जिल्हा जरा जास्तच चमकतो. केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या भागांतून दिवाळीच्या आगेमागे हजारो जोडपी ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल डोक्यावर, पहाटेच्या अंधारात फडात आणि रात्री-अपरात्री गाडी भरायला. अशा कोयत्यातल्या बाईला विचारा: झोप लागते का? भूक? थकवा? हालचाली मंदावल्यात का? भविष्याबद्दल काय वाटतं? प्रामाणिक उत्तरं दिली तर ती सत्तावीसपैकी अठरा घेऊन जिल्ह्यात पहिली यायची. आता हे डिप्रेशन आहे, की उचल आहे? दोन्ही असू शकतं, आणि तिसरंही काही असू शकतं. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांच्या रक्तात लाली कमी निघाली. हिमोग्लोबिन उतरलं की माणूस थकतो, चिडतो, कशात लक्ष लागत नाही. थायरॉइड मंदावला की अंग जड, मन जड, झोपच झोप. पिढ्यान् पिढ्या गळ्यात माळ आणि ताटात भाजी-भाकरी असलेल्या घरांत बी-१२ कमी असणं नवलाचं नाही, आणि ते कमी झालं की विसराळूपणा आणि उदासी हातात हात घालून येतात. डॉक्टर हे सगळं एकेक करून वजा करतो, त्यासाठी रक्त काढतो, आणि ‘कधीपासून?’ असं चार वेगवेगळ्या पद्धतींनी विचारतो. फोनला रक्त काढता येत नाही. तो फक्त आटवतो.

उलटी चूक आणखी महागात पडते. आपल्याकडचं खरं डिप्रेशन पुष्कळदा अर्जातल्या भाषेत बोलतच नाही. ते ‘अंगाला मुंग्या येतात’, ‘जीव घाबरा होतो’, ‘डोकं धरून राहतं’, ‘कशातच मन लागंना’ असं म्हणत हाडांच्या डॉक्टरकडे जातं, तिथून मेंदूच्या डॉक्टरकडे, मग एखाद्या बाबाकडे. यादीतला पहिला प्रश्न असतो, नेहमीच्या गोष्टींतला रस किंवा आनंद कमी झालाय का. ज्या बाईला आयुष्यात कुणी ‘तुला काय आवडतं’ हे विचारलंच नाही, ती या प्रश्नावर शून्य गुण टाकून मोकळी होते. आधी आनंद जमेला असावा लागतो, मग तो कमी झाल्याची नोंद करता येते. तिची बेरीज सात भरते, फोन ‘सौम्य’ म्हणतो आणि घरचे म्हणतात, बघ, मोबाईलसुद्धा म्हणतोय काही नाही.

मग एवढ्या जणांना आपलं निदान पटतं कसं? अंबाजोगाईला हा प्रश्न शोभून दिसतो. मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधु’ तिथं लिहिला असं अंबाजोगाईकर मानतात (अंभोऱ्याचे लोक रागावतील, पण लेख बीडचा आहे). बाराव्या शतकात स्वतःला ओळखायला एक अख्खा ग्रंथ लागत होता. आता नऊ प्रश्न लागतात आणि त्यातले दोन स्किप करता येतात. पटण्याचं कारण १९४८ सालीच सापडलं होतं. बर्ट्रम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं आपल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली, प्रत्येकाला त्याच्या स्वभावाचं वर्णन दिलं आणि ते किती जुळतं याला पाचपैकी गुण द्यायला सांगितलं. सरासरी पडली ४.२६. मग त्यानं उघड केलं की सगळ्यांच्या हातात एकच कागद होता आणि त्यातली वाक्यं रस्त्यावर विकायला असलेल्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेली होती. कालनिर्णयच्या मागच्या पानावरचं राशिभविष्य वाचणाऱ्या कुणालाही यात धक्कादायक काही वाटणार नाही. ‘तुम्ही बाहेरून हसता पण आतून खूप विचार करता’, ‘काम शेवटच्या दिवसापर्यंत ढकलता’, ‘लोक काय म्हणतील याचा त्रास होतो’: यातलं एकही वाक्य लागू न पडणारा माणूस मिळाला तर त्याला खरंच डॉक्टरकडे न्यावं. रीलला तर राशींचीही अट नाही. कॅनडातल्या अभ्यासकांनी २०२२ मध्ये टिकटॉकवरचे एडीएचडीचे सर्वाधिक पाहिलेले शंभर व्हिडिओ तपासले, तेव्हा त्यातले ५२ दिशाभूल करणारे निघाले. टिकटॉक आपल्याकडे २०२० मध्ये बंद झालं, पण चव राहिली. आज अंबाजोगाईचेच संतकवी दासोपंत असते, तर त्यांचंही सुटलं नसतं. सव्वा लाख ओव्यांचा ‘गीतार्णव’, रोज ढब्बू पैशाची शाई संपवल्याची आख्यायिका, कागद पुरेना म्हणून चक्क पासोडीवर लिहिलेलं ‘पंचीकरण’! हायपरफोकस, पहिलं लक्षण, सेव्ह करून ठेवा.

या बाजारात कोणता माल उचलला जातो तेही बघण्यासारखं आहे. स्वतःसाठी माणसं सोसणारे आजार घेतात: अँग्झायटी, ओव्हरथिंकिंग, ट्रॉमा, फार तर ओसीडी, कारण त्यात आपण स्वच्छ आणि टापटीप ठरतो. दुसऱ्यासाठी मात्र छळणारे राखून ठेवतात. सासू नार्सिसिस्ट, साहेब टॉक्सिक, नवरा बायपोलर, कारण सकाळी हसला होता आणि संध्याकाळी ओरडला. ‘रील बघितली आणि लक्षात आलं, नार्सिसिस्ट मीच आहे’ असं म्हणणारी सासू अजून कुठल्या जिल्ह्यात निघालेली नाही. आणि सगळ्यात मोठी गंमत पुढेच आहे. निम्हान्सच्या त्याच सर्वेक्षणात दारूशी निगडित विकार ४.६ टक्के निघाले, डिप्रेशनच्या जवळजवळ पावणेदोन पट. त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची चांगली चाचणी आहे, नेटवर फुकट आहे, पाच मिनिटांत होते. ढाब्यावर बसून ती सोडवताना कुणी दिसत नाही. तिचं इंग्रजी आद्याक्षरी नाव ‘ऑडिट’ आहे हे एक कारण असावं. ऑडिट म्हटलं की आपल्याकडे पतसंस्थेचा चेअरमनसुद्धा आजारी पडतो. पण खरं कारण असं की स्वतःचं निदान करणारा आजार शोधत नसतो, बाजू मांडणारा वकील शोधत असतो. जो आजार आपल्याच विरुद्ध साक्ष देईल, तो या यादीत येत नाही.

यावर पहिला आक्षेप जोरदार आहे आणि तो टोलवून चालणार नाही. बोलायला सोपं आहे हो, पण डॉक्टर आहेत कुठे? देशात लाख लोकांमागे एकसुद्धा मानसोपचारतज्ज्ञ भरत नाही. राज्याची जुनी चार मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला. मराठवाड्याच्या वाट्याला त्यातलं एकही नाही. डिप्रेशनसारख्या नेहमीच्या आजारांतही बहुसंख्य लोक उपचारांपर्यंत पोचतच नाहीत. अशा वेळी हातातला फोनही काढून घ्यायचा? मुळीच नाही. पण याच जिल्ह्यात तेच प्रश्न दुसऱ्या पद्धतीनंही विचारले जातात. शेतकरी आत्महत्या रोखण्यासाठी सरकारनं आणलेल्या प्रेरणा प्रकल्पात आशाताई घरोघर जाऊन हेच विचारतात: झोप लागते का, जेवण जातं का. फरक एवढाच की उत्तर ऐकताना आशाताईंची नजर घरभर फिरत असते. या घरात गेल्या वर्षी बोअर फेल गेलाय, थोरली माहेरी येऊन बसलीय, मालक संध्याकाळी सहानंतर सापडत नाहीत, हे त्यांना चाचणीशिवाय माहीत असतं. ‘झोप लागत नाही’ या वाक्यातून त्या लग्नसराईचे लाऊडस्पीकर वजा करतात आणि सावकार मिळवतात. मग चिठ्ठी देऊन बीडच्या जिल्हा रुग्णालयात पाठवतात, किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात, जे ग्रामीण भागातलं आशियातलं पहिलं असल्याचं अंबाजोगाईकर पाहुण्याला चहाच्या आधी सांगतात. डॉक्टर कमी आहेत हे फोनला डॉक्टर करण्याचं कारण होत नाही. फोनवर दहा गुण आले, तर तालुक्याच्या गाडीत बसायला ते पुरेसं कारण आहे, एवढं मी आनंदानं मान्य करतो. तक्रार गाडीत न बसणाऱ्यांबद्दल आहे.

दुसरा आक्षेप असा की नाव मिळाल्यानंच माणसाला निम्मं बरं वाटतं. इतकी वर्षं ‘आळशी’, ‘नाटकी’, ‘भित्रट’ म्हणवून घेतलेल्या मुलाला आपल्या त्रासाला नाव आहे आणि औषधही आहे हे कळलं, तर बिघडलं कुठे? काहीच नाही, नाव बरोबर असेल तर. चुकलेलं नाव मात्र नुसतं चिकटत नाही, ते लक्षणंही शिकवतं. २०१९ मध्ये जर्मनीत एका तरुणानं आपल्या टुरेट आजारावर यूट्यूब वाहिनी सुरू केली. त्याला खरोखर तो आजार होता. अंगाला झटके येतात, तोंडून नको ते शब्द निघतात. वाहिनी तुफान चालली आणि हानोव्हरच्या डॉक्टरांकडे तरुण रुग्णांची रीघ लागली. सगळ्यांचे झटके त्याच्यासारखेच, शब्दसुद्धा तेच. ‘उडते शार्क’ असं ओरडणारी मुलं एकाहून अधिक निघाल्यावर डॉक्टरांना शंका आली. २०२१ मध्ये त्यांनी हे सगळं लिहून काढलं. त्यातला सगळ्यात मोलाचा भाग असा, की ‘तुला टुरेट नाही’ एवढं सांगितल्यावर काही जणांची लक्षणं भराभर गेली. मराठवाड्यातल्या वाचकाला यात भानामती आठवली पाहिजे. एका गावात एक बाई कुत्र्यासारखं भुंकू लागली की आठवड्यात चार जणी भुंकायच्या. त्यांना यूट्यूब लागत नव्हतं, गावचा पार पुरत होता. त्या बायका ढोंग करत नव्हत्या आणि ही जर्मन मुलंही करत नव्हती. दोघांचं दुःख खरंच होतं. त्याला बाहेर पडायला जो आकार आसपास तयार मिळाला, तो त्यानं घेतला. अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांनी भानामतीच्या गावांत वर्षानुवर्षं केलेलं काम यामुळेच अवघड होतं: भुंकणं खोटं ठरवायचं, पण बाईला खोटं ठरवायचं नाही. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं साप किंवा विंचू चावलेल्याला दवाखान्यापासून अडवून मंत्र घालणाऱ्याला गुन्हेगार ठरवलं. रील दवाखान्यापासून अडवत नाही. ती फक्त ‘पार्ट टू बघा’ म्हणते.

डॉक्टरही चुकतात, हा तिसरा आक्षेप. चुकतात; पण चुकलेल्या डॉक्टरकडे महिन्यानं परत जाता येतं आणि गोळी लागू पडली नाही हे बघून तो नाव बदलतो. स्वतःच्या निदानावर फेरतपासणीची तारीख नसते. त्यातून पायरी जाते थेट मेडिकलवर. झोपेच्या आणि घाबरल्यावरच्या अल्प्राझोलामसारख्या गोळ्या २०१४ पासून अशा यादीत आहेत की चिठ्ठी घेऊन, वहीत नोंद करूनच द्याव्यात. वही अर्थातच सुवाच्य असते. चिठ्ठीचं प्रत्येक मेडिकलवाल्याचं स्वतंत्र धोरण असतं. सवय लावणारी ती गोळी लगेच गुण देते, म्हणून निदान बरोबर होतं असं वाटतं. डिप्रेशनच्या औषधाला मात्र दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून ते चौथ्या दिवशी बंद होतं. आणि ज्याची उदासी हा बायपोलरचा अर्धा भाग आहे, त्यानं मित्राच्या सांगण्यावरून नुसती डिप्रेशनची गोळी घेतली, तर उरलेला अर्धा भाग वाजतगाजत बाहेर येऊ शकतो. नवं यंत्र, म्हणजे प्रश्नाला उत्तर देणारा चॅटबॉट, याहून हुशार आहे असं सांगतात. असेलही. पण त्याला तेवढंच कळतं जेवढं आपण सांगतो, आणि आपण काय सांगत नाही ते आपल्या बायकोला विचारावं.

इथवर जे म्हटलं ते हलक्या दुखण्यांना लागू आहे. जड दुखण्यात तर स्वतःचं निदान मुळात होतच नाही. ज्याला कानात आवाज येतात, त्याच्या लेखी आवाज खरे असतात आणि घरचे बहिरे. तो कशाला चाचणी सोडवेल? खोल डिप्रेशनमधला माणूस ‘मी आजारी आहे’ असं म्हणत नाही, ‘मी नालायक आहे, माझ्यामुळे घर बुडालं’ असं म्हणतो आणि त्याला ते सिद्ध झालेलं वाटतं. दात दुखला तर तपासणारं डोकं शाबूत असतं; इथं तपासणाराच आजारी. पीएचक्यूतला नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे आणि त्याचं उत्तर ‘हो’ आलं, तर बाकीच्या आठांची बेरीज किती हे बघत बसायचं नसतं. तिथं टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास आहे, आणि तो बऱ्याचदा भावानं, बायकोनं किंवा शेजाऱ्यानंच लावायचा असतो, कारण ज्याला त्याची गरज आहे तो लावणार नाही.

फोनचं खरं काम तर निदान झाल्यावर सुरू होतं, आणि ते कुठल्याच रीलमध्ये सांगत नाहीत, कारण त्यात लाइक्स नाहीत. मनाच्या आजाराची औषधं महिनोन् महिने चालतात आणि आपल्याकडे नेमका दसऱ्या-दिवाळीला पेशंट कर्नाटकातल्या नाहीतर कोल्हापूरकडच्या एखाद्या कारखान्यावर निघून जातो. कागद घरी पत्र्याच्या पेटीत राहतात, गोळ्या दुसऱ्या महिन्यात संपतात, तिथल्या डॉक्टरला जुनं काही माहीत नसतं आणि मुकादम सुट्टी देत नाही. अशा वेळी गोळ्यांच्या पाकिटाचा आणि चिठ्ठीचा फोटो, डॉक्टरचा नंबर आणि पुढची तारीख एवढं त्या फोनमध्ये असलं, तर ट्रॅक्टरच्या सावलीत बसूनही फेरतपासणी होते. त्यासाठी मेमरीत जागा करावी लागेल. अँग्झायटीचे तीसएक व्हिडिओ सेव्ह करून ठेवलेत, त्यातले दोन-चार उडवले तरी पुरे.